मोठ्या मंडपात कलाकार फक्त पैशासाठी गातो?

"खरा कलाकार छोट्या बैठकीतच रमतो, मोठ्या मंडपात तो फक्त पैशासाठी गातो." हा मेसेज गेला आठवडाभर प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, वर माईकने गाणं खोटं होतं आणि छोट्या जागेत सूर लागतो, असंही त्यात आहे. मी गेली बारा वर्षं गायकांच्या मागे तानपुऱ्यावर बसते, म्हणून राहवत नाहीये.

पैशाचंच आधी घ्या. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली कोणी सुरू केला? गायक भीमसेन जोशींनी, आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ, आणि पुढे कित्येक वर्षं हजारो लोकांसमोर समारोपाला स्वतः गायले. ते काय फक्त पैशासाठी म्हणायचं का?

माईकने गाणं खोटं होतं म्हणे. अहो, माईक नव्हता तेव्हा संगीत नाटकात मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला पट्टी चढी, म्हणजे आवाज उंच ठेवावा लागायचा, आज हलकेच लावलेला खर्ज, म्हणजे अगदी खालचा सूरसुद्धा शेवटच्या माणसाला ऐकू जातो तो माईकमुळेच.

"छोट्या जागेत सूर लागतो" हे तर अर्धंच खरं. मागच्या हिवाळ्यात एका मोठ्या मैदानावर मॉनिटरमधून, म्हणजे गायकाला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरमधून, नुसता तबला येत होता, मी ज्यांच्या साथीला बसले होते त्या गायिका ताईंनी दोनदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, तारा जुळलेल्याच होत्या, पण त्यांना तानपुरा ऐकूच येत नव्हता. मी साउंडवाल्याला खुणा करून थकले. शेवटी त्याने तानपुरा वाढवला, ताईंचा षड्ज, म्हणजे 'सा', असा काही बसला की समोर सगळे चिडीचूप. त्याच महिन्यात एका घरगुती बैठकीत जेमतेम चाळीस माणसं, डोक्यावर पंख्याची घरघर आणि पहिल्याच रांगेत एकाचा व्हिडिओ कॉल चालू, तिथे ताईंनी ख्याल चक्क आटोपता घेतला. शिवाय एवढ्या जवळ प्रत्येक चेहरा दिसतो, काहींना त्याचंच जास्त दडपण येतं.

बैठकीची एक गोष्ट मात्र शंभर टक्के मान्य, वेळ. मोठ्या महोत्सवात एकामागून एक कलाकार आणि उघड्या मैदानात एरवी रात्री दहाला स्पीकर बंद, मग दरबारी, मालकंस असे उशिरा रात्रीचे राग निवांत गायचे कधी? त्या मैदानावरही विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, कुठे रंगायला लागलं होतं आणि आयोजकांची चिठ्ठी आली, "पाच मिनिटं". ताईंनी ती वाचली, घडी करून मांडीखाली ठेवली आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतलं गाणं, सुरू केलं. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "अगं, अजून वीस मिनिटं हवी होती."