नळाचं पाणी काळं नाही हो, सळई विरघळते

आज संध्याकाळी आमच्या पार्किंगमध्ये मोफत पाणी तपासणी होती. म्हणजे एका कंपनीचा मुलगा टेबल टाकून बसलेला, दोन ग्लास, एकात पार्किंगच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ मशीनचं, आणि त्यात बुडवायला सळया असलेलं ते विजेचं यंत्र. बटण दाबलं आणि थोड्या वेळात नळाच्या पाण्याचा ग्लास आधी हिरवट, मग तपकिरी, मग पार गटारासारखा. मशीनचं पाणी जसंच्या तसं. जमलेल्या आजी-आजोबांचे चेहरे असे उतरले की बघवेना. एका आजोबांनी तर तिथल्या तिथे हप्त्याचा फॉर्म मागितला, दोघंच राहतात, पेन्शनवर, नातवंडं सुट्टीत येतात म्हणून घाबरले.

इतका संताप झाला ना माझा!

अहो त्या सळया लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तो गाळ सळईचा आहे, धरणातून आलेला नाही. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास उरतच नाहीत, वीज वाहत नाही, म्हणून ते नितळ दिसतं. मी म्हटलं, तुझ्या मशीनच्या पाण्यात मीठ टाक आणि परत लाव. तर म्हणे मॅडम तशी परमिशन नाही. मग घरून मीठ आणून मीच टाकलं, झालं की तेही तपकिरी. सगळे गप्प. पण आजोबांनी फॉर्म भरला तो भरलाच, भीती एकदा पोटात शिरली की निघत नाही.

आणि सगळ्यात चीड कशाची येते तर पार्किंगचा तो नळ मनपाच्या डायरेक्ट लाइनचा आहे, टाकीतून येत नाही. सोसायटीतलं सगळ्यात चांगलं पाणी तिथेच येतं!

मागच्या उन्हाळ्यात आई राहायला आली होती. आई त्र्यंबककडची, डोंगरातलं हलकं पाणी पिऊन मोठी झालेली. इथे तिची तूरडाळ शिजेना. शिट्ट्यांवर शिट्ट्या, तरी दाणा वेगळा आणि वर पाणी वेगळं. तिने दुकान बदललं, डाळ रात्री भिजत घातली, शेवटी चिमूटभर सोडा टाकायला लागली आणि वरणाची चवच गेली. एक दिवस जेवताना म्हणाली, माझ्या हाताला आता काही होत नाही गं. पंगतीचं वरण एकहाती करणारी बाई! मोटार दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरदादांनी सांगितलं तेव्हा कळलं की आमच्या नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत खालच्या टाकीत मनपाचं पाणी आणि बोअरचं पाणी एकत्रच सोडतात. वॉचमनने व्हॉल्व्ह फिरवला की झालं, नळाला काय येतंय कोणाला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पार्किंगच्या नळावरून कळशी भरून आणली. तीच डाळ, तोच कुकर. लोण्यासारखी शिजली. आईने कुकरचं झाकण काढून मला हाक मारली तो आवाज अजून कानात आहे.

कारण साधं आहे. गंगापूर धरण काय, मुकणे काय, घाटावरच्या पावसाचं पाणी, त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून मुरत आलेलं, कॅल्शियम मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. तेच डाळीच्या दाण्यात जाऊन बसतं आणि दाणा मऊ होऊ देत नाही. तेच साबणाला फेस येऊ देत नाही, केसांच्या जटा करतं, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवतं. या जडपणाने माणूस आजारी पडतो असं नाही, हे मान्य. भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. दुसरा स्रोतच नसेल तर! आपल्या दारात धरणाची पाइपलाइन आहे आणि आपण स्वतःच्या हाताने त्यात बोअर मिसळतो, मग ते काढायला घरोघरी मशीन घेतो, आणि ते मशीन एक लिटर प्यायला देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. २०१९ मध्ये हरित लवादाने सांगितलं होतं की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओ नकोच. पुढे ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ते जाऊ दे, पण मुद्दा कळायला कोर्ट कशाला लागतं?

ज्या भागात नुसतं बोअर आणि टँकर आहे त्यांना आरओ लागतो, ठीक आहे. पावसाळ्यात नळाला गढूळ येतं तेही खरं, पण गढूळपणाला तुरटी, गाळणी, उकळणं आहे, त्यासाठी सगळे क्षार उपसून काढायची गरज नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. तो मुलगा तरी काय करणार, विशीतलं पोर, दिवसभर उन्हात सोसायट्या फिरतं, कमिशनवर घर चालत असेल. जाताना त्याला पाणी दिलं मी, त्याच नळाचं, प्यायला बिचारा गटागट. पण त्याला हे यंत्र हातात देऊन म्हाताऱ्या माणसांसमोर उभं करणाऱ्यांना माफी नाही. आणि मोरीत जाणाऱ्या त्या पाण्याचं मला खरंच वाईट वाटतं हो. गंगापूर धरण भरतं ते त्र्यंबकच्या डोंगरातल्या पावसावर, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. आईच्या माहेरच्या बाया आहेत त्या.

कमिटीचं म्हणणं, वेगळी लाइन टाकायला खर्च येतो. येतो ना, नाही कोण म्हणतंय. पण घरटी आरओ, दरवर्षी त्याचे फिल्टर, गिझरच्या कॉइली, हे सगळं कोणाच्या खिशातून जातंय? बोअर बंद करा असं मी म्हणतच नाही, फ्लशला, गाड्या धुवायला, झाडांना खुशाल वापरा. फक्त स्वयंपाकघराच्या नळाला मनपाचं पाणी द्या, त्यासाठी वेगळी टाकी ठेवा.

रविवारी सकाळी मीटिंग आहे. प्लंबरदादांना खर्चाचा अंदाज घेऊन बोलावलंय. आमच्या बिल्डिंगमधले जे जे हे वाचताय त्यांनी या, घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन या. आणि ते आजोबा ज्यांच्या ओळखीचे आहेत त्यांनी त्यांना आज रात्रीच सांगा, मशीन अजून बसवलेलं नाही, फॉर्म रद्द करायला मी सोबत येते.