व्हेज आसा मां!

मालवणला जायचं ठरलं आणि जेवणाची जागा शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर मी सगळं खातो, म्हणून मी म्हणे निःपक्षपाती! सगळं खाणाऱ्याला दोन्ही पक्ष फितूर समजतात, हे मात्र तेव्हा कुणी बोललं नाही.

मावशीसारखे बारमाही शाकाहारी परवडले. तिची अट एकच: ज्या तेलात कोळंबी तळली त्यात माझे वडे तळायचे नाहीत. खरा ताप वार पाळणाऱ्यांचा. मामांचा सोमवार, आत्येभावाचा मंगळवार आणि शनिवार, वहिनीचा गुरुवार. दाजींना कुठलाच वार नाही, पण डॉक्टरांनी मटण बंद केल्यापासून तेही स्वतःला शाकाहारी म्हणवतात. फोडी नकोत, नुसता रस्सा चालतो. खाऊच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो ना, तसा माणसांच्या कपाळावर हवा होता. आमच्याकडे तर रोज रंग बदलणारा.

शेवटी रविवार ठरला. रात्री अकराला आत्याने कालनिर्णयच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. संकष्टी. खाली शब्द एकही नाही, नुसते जोडलेले हात. चंद्रोदयापर्यंत ताटकळणारी निम्मी मंडळी आणि त्यांच्यासमोर सुरमई खाणारी निम्मी, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी शुक्रवारवर उडी मारली. तर शुक्रवारी आत्याचीच संतोषी माता! म्हणजे आंबट वर्ज्य. मालवणात जाऊन सोलकढी नाही. बुधवारी कुणाचाच देव आडवा येत नव्हता, पण रजाही कुणाला मिळत नव्हती.

"माझं काय, मी वरणभात खाईन," आत्या म्हणाली. हे वाक्य ज्या घरात उच्चारलं जातं तिथे बाकीच्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. तरी शुक्रवारच पक्का केला.

मग फोन. एकाकडे व्हेजमध्ये पनीर बटर मसाला होता. पुण्याहून सगळा घाट उतरून पनीर खायचं, तर मग घाटाने काय पाप केलं होतं? दुसऱ्याला विचारलं, "व्हेज मिळेल का?"

"आसा मां! डाळ, भात, सोलकढी, कोशिंबीर."

"कोशिंबीर कशाची?"

"सुकटाची."

मी फोन ठेवला. मावशी शेजारीच बसली होती.

अखेर एक घरगुती खानावळ सापडली. तिथल्या काकूंनी माझी यादी शांतपणे ऐकली आणि "वेगळी कढई आसा" एवढंच म्हणाल्या. आत्याच्या वाट्याच्या डाळीत कोकम घालायचं नाही, हेही त्यांनी दुसऱ्यांदा सांगावं लागू दिलं नाही. शुक्रवारी पानावर टम्म फुगलेले वडे आले, पिठातल्या धण्या-बडीशेपेचा वास येणारे, आणि सोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं. भाजलेल्या खोबऱ्याचं दाट वाटण, वर तेलाचा लालसर तवंग.

मामांनी "चव बघतो" म्हणून एक वाटी घेतली. आत्येभावाने दोन. दाजींना तर फोडी नसलेला रस्सा आयताच सापडला. तळलेली सुरमई ताटात गार होत पडली आणि मांसाहारी पंगत शाकाहारी पातेल्यावर तुटून पडली.

मावशीने दुसऱ्या वड्यासाठी वाटी पुढे केली.

"सांबारा संपला," काकू म्हणाल्या. "सुरमय आसा."