पेंचचे पूल कोणामुळे उभे राहिले?

पुलाखालून रुबाबात चाललेल्या वाघाच्या फोटोसोबत एक मजकूर फिरत असतो. आशय असा: पर्यावरणवाले उगाच ओरडत होते, पेंच व्याघ्र प्रकल्पातून महामार्ग झाला आणि वाघही मजेत आहेत, आता प्रत्येक अभयारण्यातून असेच रस्ते काढा, वळसे कशाला?

‘वाघ मजेत आहेत.’ अर्धं खरं. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागात प्राण्यांसाठी रस्त्याखालून ९ वाटा आहेत. सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९मध्ये मार्च ते डिसेंबर तिथे कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी त्या वाटांवर दिसले. ११ वाघ मिळून ८९ वेळा गेले. काम चांगलंच झालंय. पण कॅमेरा आलेल्यालाच टिपतो. ट्रकच्या आवाजाला बुजून अलीकडूनच माघारी फिरलेलं जनावर या आकड्यांत नाही.

‘उगाच ओरडत होते.’ इथे तर गंगा उलटीच वाहते. हे पूल कुणा ठेकेदाराला आपणहून सुचले नव्हते. रुंदीकरणाला हरकती घेतल्या गेल्या, प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयांत राहिलं, उपाय कोणते आणि किती यावर घासाघीस झाली, तेव्हा कुठे ते पदरात पडले. त्याच पुलांचा फोटो दाखवून हरकत घेणाऱ्यांना हसायचं, म्हणजे कमालच.

‘प्रत्येक अभयारण्यातून काढा.’ पेंचमधला रस्ता जुनाच होता, तो रुंद झाला. अखंड जंगलात नवा रस्ता घातला, की मागोमाग धाबे, टपऱ्या आणि जमिनीचे व्यवहार येतात. त्यांना कुठला पूल अडवणार? शिवाय पूल कामी येतो तो जमिनीवरून चालणाऱ्यांच्या. शेकरू झाडावरून झाडावर जातं, त्याला वर जुळलेल्या फांद्या लागतात. माळढोक पक्ष्याचं दुखणं आणखी वेगळं: डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरचं कमी दिसतं, आणि अंग जड, म्हणून वीजवाहिनी ऐनवेळी दिसली तरी चटकन वळता येत नाही. तिथे तारा जमिनीखालून नेणं किंवा वाहिनीचा मार्गच बदलणं, हेच खरे उपाय.

काही ठिकाणी तर बांधकामाचीही गरज पडत नाही. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलात २००९पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. रुग्णवाहिका आणि मोजक्या बस तेवढ्या जातात.

राहिला वळशाचा मुद्दा. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं मिळून देशाची जेमतेम ५ टक्के जमीन आहे, म्हणजे वळायला जागा नाही हे कारण बहुतेक वेळा टिकत नाही. मेळघाटातून जाणाऱ्या अकोला–खंडवा मीटरगेज रेल्वेमार्गाच्या रुंदीकरणात व्याघ्र प्रकल्पाबाहेरून जाण्याचा पर्याय पुढे आला. अंतर वाढतं, खर्चही वाढतो. पण जुना मार्ग जंगलातून जायचा आणि हा जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या गावांजवळून. वळसा म्हणजे विकासाला विरोध, हे त्या गावांत जाऊन सांगून बघावं.