‘विलीनीकरणात मौन पाळा’ या संदेशाविषयी

ग्रामीण बँकांच्या विलीनीकरणाच्या निमित्ताने कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरलेला एक उपदेश असा: बदलाच्या काळात आपसांत बोलू नका, कारण बोलण्यातून अफवा जन्मतात, सारे परिपत्रकात येईलच, आणि बोलणारे मुळात बदलाचे विरोधकच असतात.

पहिला मुद्दा उलटा आहे. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. विदर्भ कोकण बँकेसाठी नागपूरचे मुख्यालय जाऊन छत्रपती संभाजीनगरचे आले आणि बँक ऑफ इंडियाऐवजी बँक ऑफ महाराष्ट्र प्रायोजक, म्हणजे ग्रामीण बँकेच्या पाठीशी असणारी मोठी बँक, झाली. एवढे वाचल्यावर गडचिरोलीतील एखाद्या रोखपालाच्या मनात बदलीचा विचार येणारच. तो त्याने शेजारच्या शाखेतील मित्राला बोलून दाखवला, म्हणून अफवा तयार होत नाही. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये मांडले की अफवेचा जोर म्हणजे विषयाचे महत्त्व गुणिले माहितीतील संदिग्धता. नोकरीचे महत्त्व कमी करता येत नाही. संदिग्धता मात्र कमी करता येते, आणि ते व्यवस्थापनाचे काम आहे.

परिपत्रकाविषयीचा भरवसा तर कागदावरचाच म्हणावा लागेल. मे महिना म्हणजे खरिपाच्या पीककर्जाची घाई. अशा वेळी काउंटरवर उभा कास्तकार विचारतो, “साहेब, आपली बँक बुडाली काय जी?” परिपत्रक नवे नाव आणि तारीख सांगते, या प्रश्नाचे उत्तर देत नाही. “पैसे जागेवरच आहेत, पाटी तेवढी बदलली,” हे वाक्य एखाद्या लिपिकाला सुचते, फोनवरून दुसऱ्या शाखेत जाते आणि त्यात चूक असेल तर तिथला अनुभवी सहकारी टोकतोही. नव्या संगणक प्रणालीत नोंद कुठे अडते, हेही तीन माणसांच्या शाखेला असेच कळते. वरिष्ठांना विचारा म्हणणे सोपे, पण त्या दिवसांत वरिष्ठही उत्तराची वाटच पाहत असतात.

तिसऱ्या आरोपावर फार लिहिण्याची गरज नाही: ज्याला बदल नकोच असतो, तो नोंद कशी करायची हे विचारत बसत नाही.

संदेशात तथ्य आहे ते एवढेच, की गटात काय टाकावे याला मर्यादा हवी. प्रादेशिक ग्रामीण बँक अधिनियम, १९७६ च्या कलम २५ नुसार ग्राहकांच्या व्यवहारांची गुप्तता बंधनकारक आहे. म्हणून अडचण विचारताना खातेक्रमांक दिसणारे पडद्याचे छायाचित्र पाठवू नये, आणि सहीशिक्का नसलेली बदल्यांची यादी पुढे ढकलू नये. आपल्या कामातील अडचण सहकाऱ्याला सांगण्यावर मात्र हे बंधन नाही.