भरभराट म्हणजे देवाची पसंती? बायबल तसं म्हणत नाही

‘ज्याची भरभराट, त्याच्यावर देव खूश, असं बायबल सांगतं’ हा मेसेज सध्या फिरतोय. बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातल्या चार ओळी उचलल्या की तसं वाटतं खरं. पण बायबलमधल्याच स्तोत्र ७३ मध्ये आसाफ या स्तोत्रकाराची तक्रार नेमकी उलटी आहे: दुष्टांची अंगं धष्टपुष्ट, डोळे चरबीनं फुगलेले, आणि आपण हात स्वच्छ ठेवून रोज मार खातोय! त्यांचा हेवा वाटला, पाय घसरायचाच बाकी होता, हेही तो लपवत नाही. पवित्रस्थानात गेल्यावरच त्याला त्यांचा शेवट उमगतो.

दुसरी बाजूही तशीच: संकट आलं म्हणजे देव नाराज, असंही नाही. यरुशलेममधल्या शिलोह इथला बुरूज कोसळून १८ जण मेले. ते इतरांहून जास्त अपराधी होते का? येशूचं उत्तर (लूकचं शुभवर्तमान, अध्याय १३) साफ ‘नाही’. आणि नीतिमान असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाला ‘पाप केलंस म्हणून भोगतोस’ असं ऐकवणाऱ्या मित्रांवरच देव शेवटी संतापतो.