‘व्हीसीपीयू दुप्पट करा, डेटाबेस पळेल’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

व्हर्च्युअल मशीनवरचा (खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकावरचा) डेटाबेस रेंगाळू लागला की एक सल्ला हमखास दिला जातो : व्हर्च्युअलायझेशनमुळे वेग घटणारच, तेव्हा व्हीसीपीयू (मशीनला दिलेले आभासी प्रोसेसर) दुप्पट करा, मेमरीचे हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) बघून घेईल आणि डिस्क एसएसडी असेल तर तिकडे पाहूही नका. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

वेग घटतो, पण कुठे, ते पाहायला हवे. गेस्टमधल्या (म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या) बहुतेक सूचना आज थेट प्रोसेसरवरच चालतात. खर्च होतो तो मुख्यतः मेमरीचा पत्ता शोधण्यात : टीएलबीत (प्रोसेसरमधल्या, आधी शोधलेले पत्ते ठेवणाऱ्या छोट्या साठ्यात) नोंद सापडली नाही, तर गेस्ट आणि होस्ट (खालचा खरा संगणक) या दोघांची चार-चार पातळ्यांची पेज टेबले (पत्त्यांच्या याद्या) धुंडाळताना २४ वेळा मेमरी वाचावी लागू शकते. त्यावर ह्यूज पेजेसचा, म्हणजे मेमरीची पाने मोठी आणि म्हणून थोडी ठेवण्याचा उपाय आहे. डेटाबेसच्या ८ जीबीच्या बफरला (मेमरीत डेटा ठेवण्याच्या जागेला) ४ केबीची सुमारे २१ लाख पाने लागतात, तर २ एमबीची अवघी ४,०९६.

व्हीसीपीयूचा सल्ला मात्र उलटू शकतो. समजा, व्हीएमवेअरच्या हायपरवायझरच्या २० सेकंदांच्या नमुन्यात आठ व्हीसीपीयूंच्या मशीनचा ‘सीपीयू रेडी’ एकूण १६,००० मिलिसेकंद दिसतो. म्हणजे प्रत्येक व्हीसीपीयू सरासरी दोन सेकंद खऱ्या कोअरची वाट पाहत थांबला होता. थांबलेल्याच्या हाती स्पिनलॉक (जे सुटेपर्यंत इतरांना फिरत राहून वाट पाहावी लागते असे कुलूप) असेल, तर बाकीचे त्याच्यापायी नुसतेच फिरत राहतात, गेस्टमध्ये सीपीयू भरलेला दिसतो आणि पाहणारा आणखी व्हीसीपीयू मागतो. (ही मागणी मंजूरही पटकन होते.) अशा वेळी संख्या कमी करून, मशीन एका न्यूमा नोडमध्ये (काही कोअर आणि त्यांच्या जवळची मेमरी यांच्या गटात) बसवून पाहावे. रेडी नगण्य असूनही सीपीयू खरोखरच भरलेला असेल, तेव्हाच वाढ योग्य ठरते.

मेमरीचे ओझे हायपरवायझरवर टाकणे तर अधिकच धोक्याचे आहे, कारण कोणते पान डेटाबेसच्या सतत वापरातले आहे हे त्याला ठाऊक नसते. होस्टवर टंचाई आली की गेस्टमधला बलून (होस्टला मेमरी परत देण्यासाठी गेस्टची मेमरी अडवणारा ड्रायव्हर) फुगतो, गेस्ट स्वॅप करू लागतो, म्हणजे पाने डिस्कवर टाकू लागतो, आणि डेटाबेस ज्या पानाला ‘बफरमध्ये आहे’ असे समजतो, ते प्रत्यक्षात डिस्कवरून आणावे लागते. म्हणून डेटाबेसच्या मशीनसाठी पूर्ण मेमरी राखून ठेवावी.

एसएसडीबद्दल थोडक्यात : डेटा आणि लॉग (बदलांची नोंदवही) एकाच व्हर्च्युअल कंट्रोलरच्या (मशीनला डिस्कशी जोडणाऱ्या आभासी दुव्याच्या) रांगेत उभे असतील, तर डिस्क वेगवान असूनही कमिटची (बदल कायमचा नोंदला जाण्याची) वाट लांबते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पीजी_टेस्ट_एफसिंक या चाचणी-साधनाने गेस्टमध्ये मोजले, की ही वाट मायक्रोसेकंदांत समोर येते.