आंद्रेआ म्हणजे इंद्र नव्हे, आणि ते मुळात मुलीचे नावही नव्हे

माझ्या भाचीला तुरीनमध्ये मुलगा झाला. तिचा नवरा इटालियन असल्यामुळे, तिकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे मुलाला त्याच्या पणजोबांचे नाव ठेवले गेले: आंद्रेआ. इकडे पुण्यात थोरल्या ताईने, म्हणजे बाळाच्या आजीने, हौसेने सगळ्यांना पेढे वाटले, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी एक लांबलचक संदेश पाठवला. त्यात चार दावे आहेत. आंद्रेआ हे 'इंद्र' या शब्दाचे अपभ्रष्ट रूप आहे. आकारांत असल्यामुळे ते मुळात मुलीचे नाव आहे आणि मुलाला ठेवणे अशुभ आहे. मुलीला ते ठेवल्यास इटलीत आईवडिलांना तुरुंगवास होतो. आणि व्हॅटिकन म्हणजे वाटिका. पहिल्या दाव्यात इंद्र आणि दुसऱ्यात मुलगी, हे एकाच संदेशात कसे बसते, असा प्रश्न तो पुढे ढकलणाऱ्या एकालाही पडलेला दिसत नाही. ताईने मात्र रात्री अकरा वाजता भाचीला फोन करून नाव बदलण्याची गळ घातली, म्हणून हे लिहावे लागत आहे.

सर्वांत हास्यास्पद दावा इंद्राचा, म्हणून आधी तोच घेतो. आंद्रेआ हे ग्रीक 'आन्द्रेआस'चे इटालियन रूप आहे आणि त्याच्या मुळाशी 'पुरुष' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला जात होता, हे पाहण्यासाठी होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्याचा पहिला शब्द पुरेसा आहे. तो आहे 'आन्द्रा', म्हणजे 'पुरुषाला', द्वितीया विभक्तीत. ट्रॉय नगरी उद्ध्वस्त करून नंतर दीर्घकाळ भटकत राहिलेल्या त्या पुरुषाची कथा मला सांग, अशी विनवणी कवी देवीला करतो. तो पुरुष म्हणजे इथाका बेटाचा राजा ओडिसियस. येथे 'इंद्र' घालून वाचायचे ठरवले, तर वज्रधारी इंद्र दहा वर्षे समुद्रात वाट चुकला होता आणि इथाका बेटावर त्याची बायको पाहुण्यांच्या जाचाला कंटाळली होती, असे मानावे लागेल. हे संदेशकर्त्याला मान्य असल्यास माझा नाइलाज आहे.

'पण त्यात द आणि र तर आहेत ना?' असे ताईने विचारले, आणि प्रश्न रास्त होता. ग्रीकमध्ये मूळ शब्द 'अनेर' असा आहे. विभक्ती लागताना मधला स्वर गळतो, न आणि र एकमेकांना भिडतात आणि उच्चाराच्या सोयीसाठी जीभ मध्ये द घालते. त्यातून 'आन्द्रोस' होते. आपल्याकडे वानराचे 'वांदर' झाले ते याच रीतीने. वांदरातला द जसा कोणत्या देवाकडून आलेला नाही, तसाच आंद्रेआमधलाही नाही.

एक गोष्ट मात्र, मनाविरुद्ध का होईना, मान्य केली पाहिजे: या नावाचे संस्कृतशी नाते आहे. ते इंद्राशी नसून 'नर' या शब्दाशी आहे. संस्कृत 'नृ' आणि ग्रीक 'अनेर' एकाच प्राचीन मुळातून निघाले आहेत. खुद्द इटलीत, रोमच्या शेजारच्या प्राचीन सबाइन लोकांच्या भाषेतून आलेले 'नीरो' हे नावही त्याच कुळातले आहे, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ शूर असा होतो, हे रोमन चरित्रकार सुएटोनियसने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे ही चुलत भावंडे आहेत. यांतल्या एकाने दुसऱ्याला जन्म दिलेला नाही. इटलीत हे नाव रुजले ते येशूचा शिष्य आणि पीटरचा भाऊ असलेल्या संत अँड्र्यूमुळे. त्याचे अवशेष 1208 मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून इटलीतल्या आमाल्फी गावी आणले गेले आणि तेथील कॅथीड्रल त्याच्याच नावाचे आहे. आपल्या वांद्र्याच्या सेंट अँड्र्यू चर्चचा संतही हाच.

आकारांत म्हणून स्त्रीलिंगी, हा दावा मराठी माणसाने पुढे पाठवावा याचे विशेष वाटते. राजा, मामा, घोडा, आंबा यांचे काय करायचे? इटालियनमध्येही लूका, निकोला, मात्तिया ही पुरुषांचीच नावे आहेत, आणि पोपला तिकडे 'पापा' म्हणतात. ग्रीक पुल्लिंगी नावाच्या शेवटचा स गळाला की उरतो तो हा आ. चित्रकार मांतेन्या, वास्तुकार पाल्लादिओ, जेनोवाचा नौसेनापती दोरिया, गायक बोचेल्ली आणि फुटबॉलपटू पिर्लो हे सगळे आंद्रेआच. जर्मनी आणि स्पेनमध्ये आंद्रेआ हे मुलीचे नाव आहे हे खरे, त्यामुळे भाचीच्या मुलाला पुढे कधीतरी एखादे पत्र 'श्रीमती' म्हणून येईलही. त्यात अशुभ काय, ते संदेशात सांगितलेले नाही.

तुरुंगाची गोष्ट निव्वळ बनावट आहे, जरी तिच्या मागे एक खरा वाद असला तरी. नाव बाळाच्या लिंगाशी जुळणारे असावे, असा नियम इटलीत 2000 च्या नागरी नोंदणीविषयक अध्यादेशात आहे, आणि त्याच्या आधारे मुलीचे 'आंद्रेआ' हे नाव नोंदवण्यास हरकती घेतल्या जात असत. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने मुलीलाही हे नाव ठेवता येते असा निर्णय दिला. वाद होता तो नोंदीतल्या नावापुरता.

व्हॅटिकनबद्दल इतकेच की ते मुळात रोममधील एका टेकडीचे नाव आहे आणि ख्रिस्तपूर्व लॅटिन काव्यातही आढळते. वाटिकेशी त्याचे साम्य केवळ कानाला जाणवणारे आहे.

ताईला हे सगळे फोनवर सांगितल्यावर तिने बारशाच्या पत्रिकेचा मसुदा पाठवला. त्यात 'अँड्रिया' लिहिले होते. ते इंग्रजी वळण खोडून मी 'आंद्रेआ' केले आणि आघात 'द्रे'वर द्यायचा असतो, एवढे पेन्सिलीने कडेला लिहिले.